पुसदची ईद आणि एक जुना वाद

२५ सप्टेंबर २०१५ ला शुक्रवार होता, बकरी ईदही त्याच दिवशी आली होती आणि गणपती अजून बसलेलेच होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदसारख्या गावात अशा दिवशी पोलिसांना उसंत नसते. एका मशिदीबाहेर बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसांवर विशीतला एक तरुण चाकू घेऊन धावून गेला आणि त्यांना जखमी करून जागीच पकडला गेला. गोमांसबंदीमुळे तुम्हाला मारतो, अशा अर्थाचं तो बोलल्याचं फिर्यादीत नोंदलं गेलं. पुढे हे प्रकरण स्थानिक ठाण्याकडून दहशतवादविरोधी पथकाकडे गेलं, आणखी दोघांना आरोपी करण्यात आलं, बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याची (यूएपीए) कलमं लागली आणि जिहादसाठी तरुणांना चिथावणाऱ्या कटाचं दोषारोपपत्र तयार झालं. मे २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही दहशतवादाच्या आरोपातून मोकळं केलं. पोलिसांना जखमी केल्याबद्दल त्या तरुणाला तीन वर्षांची शिक्षा झाली, पण त्याहून जास्त काळ तो तोवर आतच होता. त्याने गोवंश हत्याबंदीवरून सरकार आणि काही हिंदू संघटनांवरचा राग हिंसेतून काढला असं दिसतं, मात्र जिहाद हा शब्द तोंडी आला एवढ्यावरून त्याला दहशतवादी ठरवता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

जगभर गेली तीस-पस्तीस वर्षं चाललेला एक वाद या तालुक्याच्या गावातल्या खटल्यात जसाच्या तसा उतरला आहे. १९९० मध्ये बर्नार्ड लुईस या इतिहासकाराने मुस्लिम जगाच्या रागाची मुळं धर्म आणि संस्कृतीत शोधली. तीन वर्षांनी सॅम्युएल हंटिंग्टनने त्यावर संस्कृतींच्या संघर्षाचा मजला चढवला. उलट बाजूने, २००४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच एका सल्लागार मंडळाने आपल्या सरकारला बजावलं की मुसलमानांचा राग आपल्या स्वातंत्र्यावर नाही, आपल्या धोरणांवर आहे. पुसदमध्ये तपास यंत्रणा पहिल्या पक्षाकडून बोलत होती, तर चाकू उगारणाऱ्याच्या तोंडचं वाक्य दुसऱ्या पक्षाचं होतं. फरक एवढाच की इथे परराष्ट्र धोरणाच्या जागी मुंबईहून आलेला कायदा होता आणि वॉशिंग्टनच्या जागी खाकी वर्दी. माझं मत आधीच सांगून टाकतो. राग केव्हा पेटणार आणि कोणावर पडणार हे बहुतेक वेळा धोरणावरून ठरतं. त्या रागाला शब्द आणि सोबती मिळतात ते बऱ्याचदा धर्मातून. पण हात उगारला जाण्यासाठी या दोन्हींखेरीज आणखी काही लागतं, आणि त्याकडे या वादातले दोन्ही पक्ष दुर्लक्ष करतात.

आधी तो कायदा पाहू. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती. बैल आणि वळूंनाही त्यात आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये केली. ती वीस वर्षं राष्ट्रपतींच्या सहीसाठी पडून राहिली आणि मार्च २०१५ मध्ये अंमलात आली. मांस जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा झाला. ईदेच्या तोंडावर काही दिवसांची सवलत मागण्यात आली, ती उच्च न्यायालयाने दिली नाही. या कायद्याने खाटकांचा धंदा बसला हे उघडच होतं, पण यवतमाळच्या शेतकऱ्याचंही त्यात कमी नुकसान झालं नाही. कोरडवाहू कापूस आणि तूर घेणाऱ्या माणसाची बैलजोडी ही त्याची बँकच असते. कामाचा जोर सरला की थकलेला बैल बाजारात काढायचा, आलेल्या पैशात थोडी भर घालून गोऱ्हा आणायचा, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्यातल्या पहिल्या पायरीचं गिऱ्हाईकच कायद्याने काढून घेतलं, तेही पाऊस दगा देत असताना आणि कडब्याचे भाव चढलेले असताना. ईदेच्या दोन आठवडे आधी पोळा झाला होता. ज्याने शिंगं रंगवून, झूल घालून बैल मिरवला त्यालाच तो पुढच्या उन्हाळ्यात कसा पोसायचा हा घोर होता. म्हणजे एकाच धोरणाचा फटका दोन धर्मांच्या माणसांना बसला. एकाने तो धर्मावरचा घाला मानला, दुसरा चावडीवर सरकारला शिव्या घालून गप्प बसला. नुकसान सारखंच असलं तरी त्याचा अर्थ वेगळा लागला, आणि तो अर्थ लावण्यात धर्माचा हात होता हे मान्य करायला हवं.

धर्मवाद्यांना इथे जोर येईल, म्हणून मराठी माणसाच्या ओळखीच्या एका प्रकरणाकडे वळतो. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग समितीचा प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पाश्चात्त्य सत्तेविरुद्धच्या रागातून झालेल्या हिंसेचं याहून ठसठशीत उदाहरण आपल्याकडे नाही. शाळेच्या पुस्तकात कारण एकच असतं, ते म्हणजे प्लेगच्या काळातला जुलूम. घरोघर शिरणारे गोरे सोजीर, देवघर आणि स्वयंपाकघरात गेलेले बूट, रस्त्यावर फेकलेलं सामान. हे सगळं खरं आहे. पण दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त वाचलं तर दिसतं की त्यांचा संताप प्लेगच्या कितीतरी आधीचा होता. धर्मांतरावर, इंग्रजी शिक्षणावर आणि आपल्याच सुधारकांवर तो रोखलेला होता. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालण्याचा प्रकार रँड पुण्यात येण्याआधीचा. तेव्हा कारण धर्म म्हणायचं का? तसं म्हटलं तर प्रश्न उरतो की चिंचवडच्या या कर्मठ घरातली धर्मनिष्ठा पिढ्यान्‌पिढ्यांची असताना पिस्तूल १८९७ च्या जूनमध्येच का निघालं, आणि मिशनऱ्यावर न चालता प्लेग अधिकाऱ्यावरच का चाललं. याला धर्मात उत्तर नाही, पुणे शहरात त्या चार महिन्यांत राबवलेल्या धोरणात ते आहे. आणि त्याच धोरणावर गोपाळ कृष्ण गोखलेही तितकेच भडकले होते. त्यांनी विलायतेत तक्रार केली, ती पुराव्यानिशी सिद्ध करता आली नाही तेव्हा माफी मागितली. टिळकांनी लेखणी चालवली आणि दीड वर्षाची सजा घेतली. एका धोरणाला तीन ब्राह्मण घरांतून आलेली ही तीन उत्तरं ‘धर्म’ किंवा ‘धोरण’ या एका शब्दात बसवता येत नाहीत.

परराष्ट्र धोरणाने पेटलेली आणि त्यानेच विझलेली चळवळ पाहायची तर खिलाफतीकडे जावं लागतं. तिची मध्यवर्ती समिती मुंबईतच होती. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानचे लचके तोडण्याच्या बेताने हिंदुस्थानातला मुसलमान इंग्रजांवर खवळून उठला, आणि ऑगस्ट १९२० मध्ये तसा तहही झाला. खलिफा हे धार्मिक पद होतं, त्यामुळे याला निव्वळ राजकारण म्हणणं अडाणीपणाचं. पण मार्च १९२४ मध्ये तुर्कांनी स्वतःच खिलाफत बरखास्त केली तेव्हा काय झालं? श्रद्धेच्या दृष्टीने हा घाव इंग्रजांच्या तहापेक्षा मोठा होता. तरीही इथला इंग्रजविरोधी उठाव त्याने वाढला नाही, उलट बसला. ज्या धोरणाविरुद्ध उभं राहायचं तेच उरलं नाही. अर्थात चळवळ पेटलेली असताना ती कुठे वळेल याची शाश्वती कोणालाच नव्हती. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हा इंग्रजांवरचा राग स्वागताला गेलेल्या पारशी आणि ख्रिस्ती माणसांवर निघाला, पन्नासहून अधिक माणसं मेली, गांधींनी उपास केला. मलबारात त्याच वर्षी मोपल्यांचा उठाव जमीनदार आणि सरकारवरून हिंदू शेजाऱ्यांपर्यंत पोचला. धोरणाने नेम ठरतो असं मी वर म्हटलं, पण गर्दी जमली की तो जवळच्या, दुबळ्या आणि वेगळ्या दिसणाऱ्या माणसावर घसरतो. वेगळं कोण हे ठरवताना धर्माची खूण सगळ्यात सोयीची पडते.

यवतमाळ जिल्ह्याकडे याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे, आणि तो नेमका पुसदचाच. १९३० मध्ये देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. वऱ्हाडात समुद्र नाही, पण १९२७ चा जंगल कायदा होता. गवत, सरपण, चराई यांवर सरकारी कुलूप बसलेलं होतं. १० जुलै १९३० रोजी वणीचे बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून विळ्याने गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही सत्याग्रह केला आणि अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. अणे सनातनी वृत्तीचे, हेडगेवार हिंदू संघटनेला वाहून घेतलेले. धर्माची ऊब दोघांकडे भरपूर होती, परकीय सत्तेवर रागही होता आणि धोरण तर गावागावातल्या गुराख्याला बोचणारं. तरी विळा गवतापुरताच राहिला. याचं कारण तो उचलायचा कसा हे चळवळीने आधीच शिकवून ठेवलं होतं, आणि त्या शिकवणीला वरपासून खालपर्यंत माणसं होती. हा मधला दुवा मला महत्त्वाचा वाटतो.

बाहेरच्या जगात मोजमाप करून जे हाती आलं तेही याच दिशेने जातं. प्यू या संस्थेच्या पाहण्यांत इंडोनेशियात अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे २००२ मध्ये ६१ टक्के होते. इराकवरच्या स्वारीनंतर २००३ मध्ये ते १५ टक्क्यांवर आले. त्सुनामीत अमेरिकी मदत पोचली आणि २००५ मध्ये आकडा ३८ वर चढला, ओबामा आल्यावर २००९ मध्ये ६३ झाला. सात वर्षांत जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम देशाने कुराण बदललं नव्हतं. जे बदललं ते वॉशिंग्टनचं वागणं. ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याच्या माजी प्रमुख एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी २०१० मध्ये इराक युद्धाच्या चौकशी समितीपुढे सांगितलं की त्या युद्धाने एका पिढीतल्या काही तरुणांना कडवं केलं. रॉबर्ट पेप या अभ्यासकाने १९८० ते २००३ या काळातले ३१५ आत्मघातकी हल्ले तपासले, तेव्हा सर्वाधिक हल्ले देवाधर्माशी देणंघेणं नसलेल्या तमिळ वाघांच्या नावावर निघाले. पण पेपचा निष्कर्ष, की परकीय सैन्याचा ताबा हेच मूळ, मला पुरता पटत नाही. इराकमध्ये पुढे झालेले कितीतरी स्फोट शियांच्या बाजारांत आणि मशिदींत झाले. तिथे ताबा कुणाचा होता? अमेरिकनांचा. मेले कोण? भाजी घ्यायला आलेले इराकी.

धोरणवाद्यांना सगळ्यात अवघड जाणारी उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी रश्दींच्या कादंबरीविरुद्ध मुंबईत ब्रिटिश कचेरीकडे निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि सुमारे डझनभर माणसं गेली. कोणी कुठे सैन्य घुसवलं नव्हतं, भारत सरकारने तर पुस्तकाची आयात चार महिन्यांपूर्वीच बंद केली होती. वादाला धार आली ती दहा दिवसांपूर्वीच्या खोमेनींच्या फतव्याने, आणि इराकशी आठ वर्षं लढून हाती काही न लागलेल्या त्या राजवटीला असा फतवा सोयीचाही होता. पण भेंडीबाजारातून निघालेला माणूस काही तेहरानच्या सोयीसाठी रस्त्यावर आला नव्हता. त्याचा राग धर्माचाच होता, आणि तो तसा म्हणून मान्य केल्याने माझं काही बिघडत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्याचं प्रकरण आणखी कठीण. काश्मीर हाच मुद्दा असता तर नरिमन हाऊसमधल्या ज्यू धर्मगुरूच्या कुटुंबाला मारायचं कारण काय होतं? ते लक्ष्य विचारसरणीने निवडलेलं होतं. मात्र दहा पोरांना बोटी, नकाशे, हेडली या हस्तकाने आधी केलेली टेहळणी आणि फोनवरून क्षणाक्षणाला सूचना पुरवणारी यंत्रणा कराचीत बसलेली होती. निव्वळ श्रद्धेच्या जोरावर कोणी ताजमहाल हॉटेलपर्यंत पोचत नाही.

आयसिसने २०१६ मध्ये आपल्या मासिकात स्पष्टच लिहिलं की आम्ही तुमचा द्वेष करतो तो आधी तुमच्या अश्रद्धेमुळे, तुमची धोरणं नंतर. हा पुरावा धर्मवादी वारंवार पुढे करतात. पण ओसामा बिन लादेनने १९९६ मध्ये जाहीर केलेल्या युद्धघोषणेत सौदी भूमीवरचं अमेरिकी सैन्य, पॅलेस्टाइन आणि इराकवरचे निर्बंध पुढे होते. भरती करणाऱ्याने आपल्या मालाची जाहिरात काय केली यावरून गिऱ्हाईक का आलं हे कळत नाही. गिऱ्हाईक मोजलेलं बरं. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेले आणि आयसिसला मिळाले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. पण २०११ च्या जनगणनेत १७ कोटींहून अधिक मुसलमान असलेल्या या देशात आयसिसशी संबंधित म्हणून अटक झालेल्यांची संख्या २०१९ च्या मध्यापर्यंत दीडशेच्या आसपासच होती. सव्वा कोटीही लोकसंख्या नसलेल्या बेल्जियममधून सीरिया-इराकला गेलेले चारशेच्या वर होते. धर्मग्रंथ दोन्हीकडे एकच. यावर एक चांगला आक्षेप येतो, की धर्म सगळीकडे सारखा नसतोच. दर्गे, उर्स, देवबंद, बरेली यांनी घडवलेला इथला इस्लाम वेगळा आहे. आक्षेप मला मान्य आहे, आणि तो धर्मवाद्यांच्याच मांडणीला छेद देतो. मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी २६/११ च्या नऊ हल्लेखोरांना दफनाची जागा नाकारली. हाही धर्मानेच घेतलेला निर्णय होता.

नुसतं धोरण माणसाला हिंसेकडे नेत असतं तर यवतमाळ जिल्हा केव्हाच पेटायला हवा होता. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात पडले, काहींची दृष्टी काही काळ गेली. संशयाच्या यादीत सिंजेंटा या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचं एक कीटकनाशक आलं, ज्याचा वापर स्वित्झर्लंडमध्ये बंद झालेला होता. कंपनीने जबाबदारी नाकारली. आपल्या घरी नको ते यवतमाळला चालतं, याहून सरळ पाश्चात्त्यविरोधी गाऱ्हाणं कोणतं असेल? (कंपनीची मालकी त्याच वर्षी चिनी सरकारी उद्योगाकडे गेली होती, तेव्हा पश्चिम म्हणजे नेमकं कोण हाही प्रश्नच आहे.) पण इथे कोणी कुठल्या गोऱ्या माणसावर दगड उचलला नाही. पन्नासेक कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली, काहींचा दावा बासलच्या न्यायालयापर्यंत पोचला. या गाऱ्हाण्याला शेतकरी संघटना, कार्यकर्ते आणि वकील भेटले. ज्याला यातलं कोणीच भेटलं नाही त्याने कापसाच्या बाबतीत काय केलं ते या जिल्ह्याच्या आत्महत्यांच्या नोंदीत आहे. तिथे हिंसा झालीच, ती स्वतःवर.

यावर रागावून विचारलं जातं की धोरणाकडे बोट दाखवणं म्हणजे चाकू चालवणाऱ्याला सूट देणं नाही का. मला तसं वाटत नाही, उलट त्याची जबाबदारी त्यानेच अधिक पक्की होते. तोच कायदा, तोच तोटा आणि तोच अपमान सोसणारी हजारो माणसं असताना एकानेच हात उगारला, तर तो हात त्याचाच राहतो. त्याच्या शेजाऱ्यांना, नातलगांना, त्याच्या धर्माला त्यात ओढायचं कारण उरत नाही. सगळं धर्मातूनच येतं असं धरलं तर मात्र प्रत्येक नमाजी संशयित होतो, आणि तपास करणाऱ्याला पुराव्याऐवजी शब्द पुरतात. धोरणाबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट अशी की ते सरकारच्या हातात असतं, दुसऱ्याच्या श्रद्धेसारखं हाताबाहेरचं नसतं. गोवंश हत्याबंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. ६ मे २०१६ रोजी न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस बाळगण्याला आणि खाण्याला गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हाताऱ्या बैलाचं गिऱ्हाईक शेतकऱ्याला या निकालानेही परत मिळालं नाही, आणि त्यावर विधिमंडळात बोलायला वऱ्हाडातला फारसा कोणी अजून तयार नाही.